परिचारिकांचे अज्ञान, की राज्यकर्त्यांची काटकसर?

कोणत्याही मोठ्या सरकारी इस्पितळाच्या सर्वसाधारण वॉर्डात जावे आणि रुग्णांचे तक्ते चाळून पाहावेत. नाडीचे ठोके प्रत्येकाचे निराळे, ताप निराळा, रक्तदाब निराळा. श्वसनाचा आकडा मात्र बहुधा एकच, मिनिटाला २०. न्यूमोनियाने धापा टाकणारा म्हातारा, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला हमाल, विषमज्वराने पडलेला विद्यार्थी, सर्वांचा श्वास २०. निसर्गाने इतकी समता अन्यत्र कोठे प्रस्थापित केल्याचे ऐकिवात नाही!

हा आकडा मोजून लिहिलेला नसतो हे लिहिणारी परिचारिका जाणते, वाचणारा डॉक्टर जाणतो आणि तपासणीसाठी येणारे पथकही जाणते. तरीही तो लिहिला जातो. कारण रकाना रिकामा राहिला तर मेमो मिळतो, खोटा भरला तर कोणी विचारीत नाही.

श्वासाची गती ही काही किरकोळ बाब नव्हे. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, वॉर्डातील ज्या रुग्णांचे हृदय अकस्मात बंद पडले त्यांच्या बाबतीत त्यापूर्वीच्या तीन दिवसांत मिनिटाला २७ हून अधिक श्वास ही नाडी वा रक्तदाब यांहून अधिक बोलकी खूण होती. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी याच खुणेला ‘दुर्लक्षित’ असे विशेषण लावले. म्हणजे वॉर्डातील माणूस मरणाच्या वाटेला लागला आहे हे सर्वांत आधी सांगणारी खूण कोणती, हे शास्त्राला ठाऊक आहे. ती पाहण्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ, रुग्णाच्या छातीवर स्थिरावलेली नजर आणि पूर्ण एक मिनिट, एवढेच लागते.

मग हे दुर्लक्ष करते कोण? आणि का?

या प्रश्नाला अधिकृत उत्तर तयार आहे: परिचारिकांना ज्ञान नाही. हे उत्तर केवळ मंत्र्यांच्या भाषणांत किंवा इस्पितळाच्या अधीक्षकांच्या तोंडी सापडते असे नाही. दुर्दैवाने त्याला शास्त्राचा साज चढविण्याचे काम खुद्द परिचर्याशास्त्रातील संशोधनाकडून होत आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक झाले आहे.

१९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले. १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. ही निःसंशय प्रगती होती. जिला केवळ डॉक्टरांच्या हुकमाची तामिली करणारी मदतनीस समजले जात होते, तिला स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यामुळे प्राप्त झाला. परंतु आज देशातील शेकडो महाविद्यालयांतून पदव्युत्तर पदवीसाठी जे प्रबंध सादर होतात, त्यांपैकी फार मोठ्या संख्येने एकाच साच्यातून निघालेले असतात. अमुक इस्पितळातील परिचारिकांच्या तमुक विषयाच्या ज्ञानावर ‘सुनियोजित अध्यापन कार्यक्रमा’चा होणारा परिणाम, हे त्यांचे शीर्षक. श्वसनाच्या क्षेत्रात विषय ठरलेले: श्वासनलिकेतील नळीतून स्राव शोषून काढणे, प्राणवायू देणे, व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या तोंडाची स्वच्छता, छातीचे व्यायाम. तीस किंवा साठ परिचारिकांना प्रश्नपत्रिका द्यायची, पाऊण तासाचे व्याख्यान द्यायचे, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. वाढणारच! कालच सांगितलेली उत्तरे आज विचारली तर कोणाचे गुण वाढणार नाहीत? मग संख्याशास्त्राची कसोटी लावून ती वाढ ‘लक्षणीय’ ठरते आणि निष्कर्ष निघतो की, परिचारिकांचे ज्ञान अपुरे होते, अध्यापनाने ते सुधारले, तरी इस्पितळांनी असे कार्यक्रम वारंवार घ्यावेत.

त्या रात्री त्या वॉर्डात रुग्ण किती होते आणि परिचारिका किती, हा प्रश्न या प्रश्नपत्रिकेत नसतो. शोषणाच्या नळ्या पुरेशा होत्या काय, एकच नळी धुऊन चार रुग्णांना वापरावी लागली काय, हेही नसते. व्याख्यानानंतर रुग्णांचा न्यूमोनिया कमी झाला काय, हे पाहण्यास तर सवडच नसते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हे प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनींची टवाळी करण्याचा हेतू नाही. त्यांच्या हाती थोडेच महिने असतात, पैसा स्वतःच्या पदरचा असतो, आणि इस्पितळाचा अधीक्षक परिचारिकांना प्रश्नपत्रिका वाटण्याची परवानगी आनंदाने देतो. परंतु ‘महाराज, आपल्या येथील रिकाम्या जागा मोजावयाच्या आहेत’ असे म्हटल्यास तो दार दाखवील हे त्यांना पक्के ठाऊक असते. साचा त्यांनी बनविलेला नाही. तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांनी तो रूढ होऊ दिला आहे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अनुवादाचा. अशा प्रबंधांचे सारांश अधूनमधून हाताखालून जातात. त्यांत ‘ज्ञानातील तूट’ असा एक शब्दप्रयोग हटकून येतो. तूट हा जमाखर्चाचा शब्द आहे. ती कोणत्या खात्यावर दाखविली जाते याला महत्त्व असते. मालकाच्या खात्यातील तूट नोकराच्या खात्यावर मांडण्याची युक्ती पेढीवरचा कोणताही मुनीम ओळखतो.

तेव्हा आपण साधा हिशेब मांडू. वॉर्डात खाटा चाळीस, खाली जमिनीवर गाद्या टाकून आणखी वीस रुग्ण. रात्रपाळीला दोन परिचारिका. दर चार तासांनी प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास नोंदवायचा असा नियम. श्वासाला एक मिनिट, बाकी सर्वांना मिळून चार मिनिटे धरली, तर साठ रुग्णांना तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास. दोघींत वाटले तरी दर चार तासांतील अडीच तास केवळ मोजण्यात जातील. उरलेल्या दीड तासात इंजेक्शने, सलाईन, नवे दाखले, प्राणवायूचे सिलिंडर बदलणे, नोंदवह्या, नातेवाइकांची भांडणे, आणि रात्री कोणी दगावला तर त्याचे शव बांधणे! भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे की, शिक्षण देणाऱ्या इस्पितळात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, अन्यत्र पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून धरले तरी साठ रुग्णांना रात्री दोन परिचारिका हे गणित त्यात कोठेही बसत नाही. वीसचा आकडा या गणितातून जन्मास येतो. पाऊण तासाच्या व्याख्यानाने तो कसा जाणार?

आता कोणी म्हणेल, ‘हे सर्व खरे असले तरी श्वास मोजणे हे कौशल्याचे काम आहे, त्यास शिक्षण हवेच.’ या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका जिल्ह्याने पस्तीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ च्या सुमारास बालकांच्या न्यूमोनियावर प्रयोग केला. अठ्ठावन्न गावांत निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावातील आरोग्यसेवक आणि परंपरेने बाळंतपणे करणाऱ्या सुइणी यांना मुलांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास आणि साध्या प्रतिजैविकाने उपचार करण्यास शिकविले; चव्वेचाळीस गावे तुलनेसाठी ठेवली. सुइणींपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती, अंकही फार पुढचे येत नव्हते. त्यांच्यासाठी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले साधन बनविण्यात आले. अमुक मण्याच्या पुढे श्वास गेला की औषध सुरू! १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ते ८.१ वर आले.

ज्या देशात निरक्षर सुईण श्वास मोजून पोर वाचविते, त्या देशात चार वर्षे शिकून पदवी घेतलेल्या परिचारिकेला श्वास मोजता येत नाही, असे म्हणणाऱ्यास काय म्हणावे? सुइणीपाशी वाळूचे घड्याळ होते, समोर एक मूल होते आणि ते मिनिट तिच्या मालकीचे होते. वॉर्डातील परिचारिकेपाशी यांपैकी काय आहे?

गडचिरोलीच्या तीस वर्षे आधी मद्रासने जगाला असाच धडा दिला होता, याची आठवण आज फारच थोड्यांना आहे. १९५६ साली तेथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. आरोग्यधामातील हवा, दूध, अंडी व विश्रांती यांवाचून क्षय बरा होत नाही, हा त्या काळचा वैद्यकीय सिद्धांत. मद्रासच्या दाट वस्त्यांतील १९३ गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या झोपड्यांत ठेवून एकच औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: निकृष्ट अन्न, गर्दी आणि काबाडकष्ट असूनही घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले, त्यांच्या घरच्यांना संसर्गाचा धोकाही अधिक नव्हता. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर ओस पडू लागली. हे संशोधन उभे राहिले ते सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि गृहभेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पायांवर. त्या आगाऊ सूचना न देता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीचा नमुना घेत. शास्त्रज्ञांची नावे ग्रंथांत आहेत, ती असावीतच. गोळ्या मोजणाऱ्यांची नावे शोधूनही सापडत नाहीत.

सांगण्याचा मुद्दा असा की, परिचर्येतील संशोधनाची खरी परंपरा या देशात आहे. ती परिचारिकेची परीक्षा घेणारी नव्हती. रुग्णाचे काय झाले हे पाहणारी होती.

आता प्रत्यक्ष वॉर्डातील प्रशिक्षणाकडे वळू. कागदोपत्री त्याचा अर्थ असा की, विद्यार्थिनी अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली रुग्णाशेजारी उभी राहून शिकते. प्रत्यक्षात काय घडते? सकाळी सातला विद्यार्थिनींची तुकडी वॉर्डात उतरते आणि वॉर्डाची सिस्टर सुटकेचा निःश्वास टाकते. कारण चादरी बदलणाऱ्या, ताप पाहणाऱ्या, नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणाऱ्या बिनपगारी हातांची सोय झाली. शिक्षिका महाविद्यालयात उपस्थितीपट भरीत असतात. वॉर्डाच्या सिस्टरला स्वतःचे काम उरकत नाही, ती काय शिकविणार? विद्यार्थिनी पाहते आणि शिकते. काय शिकते? श्वसनाच्या रकान्यात २० लिहावयाचे असतात, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकते. खासगी महाविद्यालयांची कथा आणखी निराळी. लाखोंनी शुल्क घ्यायचे, संलग्न इस्पितळ कागदावर दाखवायचे, तपासणीच्या दिवशी खाटांवर माणसे आणून निजवायची, आणि शिक्षण संपल्यावर बाँडच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रे अडकवून मुलींना आपल्याच इस्पितळात राबवायचे, या प्रकारांच्या तक्रारी केरळपासून दिल्लीपर्यंत परिचारिका वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. २०११ व २०१२ साली देशभर उसळलेले त्यांचे संप याच असंतोषातून झाले.

या शिक्षणाचे एक शुल्क मात्र कोणत्याही पावतीवर नसते. ते फुप्फुसांनी भरावे लागते.

२०१० साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी तेथील परिचर्येच्या विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४३६ जणींची क्षयाच्या संसर्गासाठी त्वचेवर चाचणी घेण्यात आली. सुमारे निम्म्या जणींत ती होकारार्थी आली. ज्यांची चाचणी नकारार्थी होती त्यांची पुढे पुन्हा तपासणी केली, तेव्हा वर्षाकाठी संसर्गाचे प्रमाण ७.८ टक्के निघाले. सर्वसाधारण भारतीयाच्या बाबतीत तेव्हा हेच प्रमाण १.५ टक्का मानले जात होते. म्हणजे इस्पितळात शिकण्यास आलेली मुलगी बाहेरच्या समवयस्क मुलीच्या पाचपट वेगाने क्षयाचे जंतू छातीत घेत होती. त्याआधी २००५ साली सेवाग्राम येथील वैद्यकीय संस्थेतील ७२६ आरोग्यकर्मी व विद्यार्थ्यांचा अभ्यास अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला होता. दोहोंपैकी कोणत्या तरी एका चाचणीत निम्मे लोक सुप्त संसर्गाचे निघाले. वेल्लोर व सेवाग्राम या दोन्ही संस्थांचे अभिनंदनच केले पाहिजे, कारण त्यांनी मोजले आणि छापले. ज्या शेकडो इस्पितळांनी मोजलेच नाही, त्यांची आकडेवारी स्वच्छ आहे!

श्वसनाच्या आरोग्याविषयीचे परिचर्या-संशोधन म्हणतात ते हे. हवा खेळती आहे काय, खोकणाऱ्या रुग्णाला वेगळी जागा आहे काय, मुखपट्टी पुरविली जाते की विद्यार्थिनीने स्वतः विकत आणायची असते, संसर्ग झालेल्या मुलीला औषध व भरपगारी रजा मिळते की घरी पाठविले जाते, हे त्याचे प्रश्न असावयास हवेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली परिचर्येवरील आपल्या पुस्तकात पहिला नियम लिहिला तो रुग्णाच्या खोलीतील हवेविषयी. दरवर्षी १२ मे रोजी तिच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या पेटवून विद्यार्थिनींकडून सेवेची शपथ घेतली जाते. ती बाई आकडे मोजणारी होती, मृत्यूंचे तक्ते मांडून सरकारला घाम फोडणारी होती, हे शपथेच्या वेळी कोणी सांगत नाही. सेवा, त्याग, देवदूत ही विशेषणे फुकट असतात. देवदूतांना फुप्फुसे नसतात आणि त्यांना वेतनश्रेणीही लागत नाही, ही त्यातील सोय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडील एका मोठ्या शहरातील इस्पितळात प्रस्तुत लेखकाच्या काकांना दाखल केले होते. इस्पितळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या महिन्यात सर्वच इस्पितळे सारखी होती. शेजारच्या खाटेवरील माणसाला व्हेंटिलेटर मिळाला नव्हता. त्याच्या श्वासनलिकेतील नळीला रबरी फुगा जोडून तो त्याच्या मुलाच्या हातात दिला होता. मुलगा विसेक वर्षांचा. तो रात्रभर फुगा दाबीत होता. पहाटे त्याचा डोळा लागत असे आणि काकू त्याला हलवून जागे करीत. सिस्टर मध्ये एकदा येऊन म्हणाली, “बेटा, इतक्या जोरात नको दाबूस, हळू.” एवढेच त्याचे प्रशिक्षण. ती पुढच्या खाटेकडे गेली तेव्हा तिच्या मुखवट्याच्या आतून घाम गळत होता, हे स्पष्ट आठवते.

त्या फुग्याला इतिहास आहे. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला छेद देऊन नळी बसविण्याचा आणि हाताने पिशवी दाबून हवा देण्याचा मार्ग काढला. यंत्रे नव्हती. ब्लेगडॅम इस्पितळाने सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून उभे केले. त्यांनी मिळून एक लाख पासष्ट हजार तास हाताने श्वास दिला, आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म तेथला. आपण ज्याला अंबू बॅग म्हणतो तो आपोआप फुगणारा फुगाही डेन्मार्कमध्येच १९५६ साली तयार झाला. फुगा आपण घेतला. पाळ्या लावण्याची जबाबदारी मात्र रुग्णाच्या मुलावर टाकली!

त्याच साथीत ‘पालथे निजविणे’ हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला. व्हेंटिलेटरवरील अत्यवस्थ रुग्णाला दिवसातून सोळा तास पालथे ठेवल्यास काय होते, याचा निर्णायक अभ्यास २०१३ साली फ्रान्स व स्पेनमधील २७ अतिदक्षता विभागांतून प्रसिद्ध झाला होता. ४६६ रुग्णांपैकी ज्यांना उताणे ठेवले त्यांतील ३२.८ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. पालथे निजविलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के. औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ माणूस पालथा करणे. परंतु त्या अभ्यासातील एक अट सहसा कोणी सांगत नाही. त्यात भाग घेतलेल्या सर्व विभागांना या कामाचा पाच वर्षांहून अधिक अनुभव होता. नळ्या, तारा व सुया लागलेला देह एकही नळी न निसटता फिरविण्यास चारपाच सराईत माणसे लागतात, आणि सराईतपणा येण्यास वर्षे लागतात. प्रशिक्षण म्हणजे तीच वर्षे.

आपल्याकडे त्या वर्षांचे काय झाले? साथीच्या काळात कंत्राटावर हजारो परिचारिका घेतल्या. त्यांच्यावर फुले उधळली, थाळ्या वाजविल्या. याच मुली दोन वर्षांत प्राणवायू, व्हेंटिलेटर आणि पालथे निजविणे यांत तरबेज झाल्या. देशाने यापूर्वी कधी इतक्या मोठ्या प्रमाणावर श्वसनपरिचर्येचे प्रशिक्षण दिले नव्हते. आणि साथ ओसरताच त्यांना निरोप दिला. तामिळनाडूत २०२२ च्या अखेरीस दोन हजारांहून अधिक परिचारिकांची कंत्राटे पुढे चालू ठेवण्यात आली नाहीत आणि त्यांना रस्त्यावर यावे लागले. हे एका राज्याचे वा एका पक्षाच्या सरकारचे वैशिष्ट्य आहे असे मानण्याचे कारण नाही. कौशल्य तयार करायचे, वापरायचे आणि फेकायचे. मग वर्षभराने नव्या कंत्राटी मुलींची परीक्षा घेऊन ‘ज्ञान अपुरे’ असा प्रबंध लिहावयाचा!

यावर शेवटचा आणि नेहमीचा युक्तिवाद पैशाचा असतो. गरीब देशाला इतक्या परिचारिका परवडत नाहीत, असे तो सांगतो. १९४६ साली भोर समितीने नोंदविले होते की, या देशात परिचारिका सात हजार आहेत, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. तेव्हा हा युक्तिवाद समजण्यासारखा होता. आज दरवर्षी लक्षावधी मुली परिचर्येच्या अभ्यासक्रमांत प्रवेश घेतात, आखातापासून इंग्लंडपर्यंतची इस्पितळे भारतीय परिचारिकांच्या जोरावर चालतात, आणि येथे मंजूर जागा रिकाम्या राहतात. माणसे नाहीत असे नव्हे. त्यांना पगार देण्याची इच्छा नाही.

शिवाय ‘परवडत नाही’ हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील लिंडा एकेन या स्वतः परिचारिका असलेल्या संशोधिकेने २००२ साली पेन्सिल्व्हेनियातील १६८ इस्पितळांतील दोन लाख बत्तीस हजार शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात परिचारिकांच्या संघटनेने लढा देऊन २०१६ साली कायदा करवून घेतला: ठरावीक २७ इस्पितळांत दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सातांमागे एक परिचारिका. २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा हिशेब आला. मृत्यू कमी झाले, रुग्ण लवकर घरी गेले, पुन्हा दाखल होणे घटले. आणि वाचलेला खर्च जादा परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाला. भांडवलशाही देशाच्या जमाखर्चातही हे बसते, आमच्या ‘कल्याणकारी’ राज्याच्या जमाखर्चात मात्र बसत नाही.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगितले पाहिजे की, परिचर्या परिषदेचे ते तीनास एक व पाचास एक हे प्रमाण इस्पितळावर खटला भरण्याच्या कामी येत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने खासगी इस्पितळांतील परिचारिकांना, ते इस्पितळ पन्नास खाटांहून लहान असले तरी, दरमहा किमान वीस हजार रुपये मिळावेत असे सुचविले. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. केरळने २०१८ साली, तीही दीर्घ आंदोलनानंतर, तशी अधिसूचना काढली. २०२३ साली संसदेने १९४७ चा जुना कायदा रद्द करून परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा केला. त्यात शिक्षणाचे नियमन आहे, संस्थांचे मूल्यमापन आहे, नोंदवह्या आहेत. रात्रपाळीला वॉर्डात किती परिचारिका असाव्यात, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही.

आपल्या बाजूनेही एक कबुली द्यावयास हवी. कामगार चळवळीने परिचारिकांच्या मागण्यांना बराच काळ वेतन, गणवेश भत्ता व बदल्या यांपलीकडे पाहिले नाही. रुग्णांमागे परिचारिकांचे प्रमाण हा गिरणीतील मागांच्या संख्येसारखाच प्रश्न आहे. विणकराला दोनाऐवजी चार माग सांभाळावयास लावले तेव्हा मुंबई व सोलापूरच्या कामगारांनी संप केले. त्यांचे विणकामाचे ज्ञान कमी पडते आहे असे कोणी म्हटले असते, तर त्या व्याख्यात्याची सभा उधळली गेली असती. परिचारिकेला दहाऐवजी तीस रुग्ण सांभाळावयास लावले जातात, आणि आपण ते ‘आरोग्यखात्याचे प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवतो.

या दृष्टीने परिचारिकांच्या संघटनांनी एक गोष्ट करून पाहावी, अशी सूचना आहे. एक रात्र ठरवावी. त्या रात्री प्रत्येक वॉर्डात श्वास खरोखर मोजावा, पूर्ण एक मिनिट, आणि तक्त्यावर वेळ घालून लिहावा. जेथे मोजणे झाले नाही तेथे २० लिहू नयेत. लिहावे: ‘मोजला नाही. रुग्ण ५८, परिचारिका २.’ सकाळी सर्व वॉर्डांचे आकडे एकत्र करावेत. हे एकटीने करू नये; एकटीला मेमो येतो आणि तिची बदली होते. मेमो आलाच तर उत्तर संघटनेच्या नावाने, सर्वांच्या सह्यांनी जावे. आणि पदव्युत्तर वर्गातील एखादी विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधीत असेल, तर तिने हे तक्ते घ्यावेत. मार्गदर्शकांनी विषय नाकारला, तर नकार लेखी मागावा.